होडीच्या इंजिनाचे गिअर ऑईल

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हापासून पुराचे भय पुणेकरांना परके राहिलेले नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पाणी शिरले आणि माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली. अशा वेळी इंजिन धडधडते आहे, पण पंखाच फिरत नाही, असे होऊन चालणार नाही.

पंख्याला गती देणारी दंतचक्रे पाण्याखालच्या पेटीत असतात. तेथे इंजिनाचे तेल चालत नाही. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे तर नाहीच. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या श्रेणीचेच, बहुधा ९० किंवा ८०-९० क्रमांकाचे, गिअर ऑईल घ्यावे. मोटारगाडीचे स्वस्त पडते खरे; परंतु पाणी मिसळल्यावरही दात झिजू न देण्याचा गुण त्यात असतोच असे नाही. होडीसाठीचे तेल त्याच हेतूने बनविलेले असते.

ते खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्राशी दिसेपर्यंत भरावे. आत हवा राहत नाही. काढलेले तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे. मग केवळ तेल बदलून भागत नाही, सीलही बदलावे लागते. हे काम मे महिन्यातच उरकावे. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाल्यावर तेवढी उसंत मिळत नाही.