आजोबांच्या खुर्च्या



घराच्या वाटण्या होतात तेव्हा जमीन व दागिने यादीत आधी येतात; खुर्च्या शेवटी आठवतात. आमच्या घरी आजोबांच्या वेळच्या सहा खुर्च्या होत्या. गोल वाकविलेली पाठ आणि वेताने विणलेली बैठक. तिघा भावांत दोन दोन गेल्या आणि प्रश्न उभा राहिला : या खुर्च्या वापराव्यात, की नुसत्या जपून ठेवाव्यात?

उत्तरासाठी या घडणीचे मूळ पाहू. मिखाएल थोनेट या जर्मन कारागिराने व्हिएन्नात बस्तान बसविले आणि १८५७ साली मोराव्हियातील कोर्यचानी येथे कारखाना काढला. तिकडच्या रानात बीच वृक्ष विपुल. त्याच्या काठ्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यांत वाकवीत आणि तशाच वाळवीत. त्यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट! सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. अशा घडणीच्या खुर्च्या मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलांत आपणही पाहिल्या असतील. राजवाड्यापेक्षा चहाच्या दुकानात तिचा संसार अधिक झाला. ती खोलता येते, पुन्हा जोडता येते. म्हणून ती टिकली.

हे न जाणता आम्ही एक चूक केली. बैठक फाटली तेव्हा वर फळी ठोकली. खिळ्यांनी कडेची भोके चिरली. पुढे वेत विणणारा एक वृद्ध कारागीर मिळाला. त्याने फळी काढली, चिरलेल्या कडेला जोड दिला, वेत भिजवून भोकाभोकांतून ओवला. ओला वेत वाळताना आवळतो आणि बैठक ताठ होते. काम संपल्यावर तो म्हणाला, “माझ्या मुलाला हे काम येतं, पण खुर्च्या येत नाहीत.”

त्या वाक्याने आमच्या प्रश्नाचे उत्तर दिले. खुर्ची माळ्यावर गेली की विणणाऱ्याचा हात बसतो. आणि तो हात गेला की माळ्यावरची खुर्ची पुन्हा खाली येऊन बसण्याजोगी होत नाही. वेत आज ना उद्या तुटणारच. लाकूड आजोबांचे, वेत नातवाचा, असा हा वारसा आहे.

म्हणून विनंती एवढीच : आपल्या माळ्यावरची खुर्ची खाली काढा, वेळीच विणून घ्या, आणि आल्यागेल्याला तिच्यावर बसवा.