निवडणुकीच्या कादंबरीतलं एक पात्र

निवडणूक हा कादंबरीकाराला आयता मिळणारा विषय आहे. पात्रं तयार, भांडण तयार, आणि शेवट काय होणार हे मतमोजणीपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. अरुण साधूंच्या 'सिंहासन'नं मुंबईचं सत्ताकारण मराठी वाचकाच्या घरात आणून बसवलं. चौसाळ्याच्या वाचकाला तर हा विषय मुळीच परका नाही. 2008 च्या पुनर्रचनेत मोडेपर्यंत विधानसभेचा एक मतदारसंघच या गावाच्या नावानं ओळखला जात होता.

आता समजा, तुमच्यापैकी कुणी अशी कादंबरी लिहायला बसलं, आणि तिच्यात एक तृतीयपंथी उमेदवार घेतला. काय होईल? बहुधा तो सभेत टाळी वाजवील, चार माणसांना हसवील आणि पुढच्या प्रकरणात नाहीसा होईल. किंवा लेखक त्याला एकदम साधुपुरुष करून टाकील. दोन्हींत माणूस हरवतो. महाभारतात विराटाच्या घरी बृहन्नडा राजकन्येला नाच शिकवते खरी. पण वेळ आली तेव्हा उत्तराच्या घोड्यांचे लगामही तिच्याच हाती येतात. आपल्या लेखकानं निदान तेवढं तरी करावं!

आणि त्यासाठी कल्पना फार ताणावी लागणार नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक या गावी जे घडलं, ते पाहा. तिथल्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी, महिलांकरिता राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. छाननीत, 31 डिसेंबर 2020 रोजी, तो बाद झाला. कारण एवढंच, की त्या तृतीयपंथी, आणि जागा बाईची. मतदान होतं 15 जानेवारीला. मधे दिवस किती? पंधरा!

त्या तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे गेल्या. आपल्या बीड जिल्ह्याचे दावेही तिथंच जातात. 2 जानेवारी 2021 रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी निकाल दिला : अर्ज स्वीकारा. यापुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून उभं राहणार नाही, ही त्यांची हमी न्यायालयानं नोंदवून घेतली. त्या निवडणूक लढल्या, आणि निवडून आल्या.

निकालपत्रावर त्यांचं नाव आहे, 'अंजली गुरू संजना जान'. आपल्या नावात जिथं बापाचं किंवा नवऱ्याचं नाव येतं, तिथं यांच्या नावात गुरूचं नाव आलं. घर कुठलं सुटलं आणि कुठलं धरलं, ते त्या एका ओळीत आहे. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवं?

पण हा निकाल आकाशातून पडला नाही. मध्य प्रदेशात कटनी शहरानं कमला जान यांना महापौर केलं होतं. तीही जागा महिलांसाठी राखीव होती. 2003 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं त्यांना पुरुष ठरवलं, आणि लोकांनी दिलेली खुर्ची गेली. पुढं 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आपण कोण हे ज्याचं त्यानं ठरवावं. कटनी आणि भादली यांच्यामधे हा निकाल उभा आहे. लोक दोन्हीकडे मत द्यायला तयारच होते. फरक पडला तो कागदावरच्या रकान्यात.

इथं कुणी विचारील, 'बायांना कुठं आता जागा मिळू लागल्या, तर त्यांतही वाटेकरी का?' प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, त्याही सहजासहजी नव्हेत. कादंबरीत हा प्रश्न एखाद्या शहाण्या बाईच्या तोंडी घाला, खलनायकाच्या नव्हे. आणि उत्तर देताना एवढं लक्षात ठेवा, की तृतीयपंथीयांसाठी वेगळी राखीव जागाच नव्हती. बाईच्या दारातून परत पाठवलं, तर जायचं कुठं?

शेवटी एक गोष्ट सांगतो. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. 2017 मध्ये त्या गावानं माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच निवडलं. सरपंच झालं की आधी पाण्याचं बोला, रस्त्याचं बोला, असंच लोक म्हणणार. टँकर वेळेवर आला का, हे विचारताना कुणी रकाना पाहत नाही.

म्हणून, लिहायला बसाल तेव्हा प्रचारसभेपाशी थांबू नका. छाननीच्या टेबलापासून सुरुवात करा, आणि निवडून आल्यावर पहिल्या ग्रामसभेत जे भांडण होईल तिथपर्यंत न्या. त्या भांडणात गावकरी या सरपंचावर इतर कुठल्याही सरपंचाइतकेच चिडलेले दिसले, तर तुमचं पात्र माणूस झालं असं समजा.