पिकाचू पुन्हा पाहताना

(गणेशोत्सवात मंडळाच्या तरुण सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी इतिहास, संगीत, आरोग्य अशा विषयांवर उत्तम भाषणं होतात. यंदा आम्हा तिशीतल्या सभासदांना विषय निवडायला सांगितला आणि आम्ही निवडला पोकेमॉन. मागच्या रांगेत हसू फुटलेलं दिसतंय. साहजिक आहे. इथल्या आजी-आजोबांनी हा शब्द बहुतेक वेळा ‘बंद करा ते पोकेमॉन आणि पाटावर या’ याच वाक्यात वापरलेला आहे. पण गेल्या काही महिन्यांत आमच्यापैकी काही जणांनी ते जुने भाग आपल्या मुलांबरोबर पुन्हा पाहिले, आणि लहानपणी न दिसलेलं बरंच काही दिसलं. ते आपल्यापुढे मांडायचं आहे.

आम्ही इंदूरच्या शाळांत होतो तेव्हा, २००३ च्या सुमारास, ही मालिका कार्टून नेटवर्कवर हिंदीत लागू लागली. आमच्या दृष्टीने ती एक गोष्ट होती. अॅश नावाचा दहा वर्षांचा मुलगा, त्याचा पिवळा पिकाचू आणि गावोगावची भटकंती. ही गोष्ट एका व्हिडिओ गेमवरून घेतलेली आहे, हे कळायला आम्हाला मोठं व्हावं लागलं. कारण तो गेम ज्या यंत्रावर चालतो, तो गेमबॉय आमच्यापैकी कुणाच्याच घरी नव्हता.

मूळ खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आला. तो रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडण्याचे शौकीन होते. पुढे टोकियोच्या आसपासची शेतं आणि तळी जाऊन तिथे वस्ती झाली. शहरातल्या मुलांनाही तो शोधण्याचा, गोळा करण्याचा आनंद मिळावा, ही त्यांची कल्पना. खेळाच्या दोन आवृत्त्या निघाल्या, लाल आणि हिरवी. लाल आवृत्तीत काही प्राणी सापडतच नाहीत, हिरवीत दुसरे काही सापडत नाहीत. संग्रह पुरा करायचा तर मित्राच्या यंत्राला तार जोडून अदलाबदल करावीच लागते. आमच्याकडे यंत्र नव्हतं, तार नव्हती. चिप्सच्या पाकिटातले टॅझो होते आणि मधल्या सुट्टीतली शाळेची पायरी होती. खेळाचा गाभा न कळत आमच्यापर्यंत पोचला होता, असं आता म्हणता येतं.

मालिका १ एप्रिल १९९७ पासून जपानमध्ये सुरू झाली. आज पाहताना तिच्यातला खेळाचा सांगाडा स्पष्ट दिसतो. आठ बिल्ले मिळवायचे, मग लीगची स्पर्धा, मग नवा प्रदेश आणि पुन्हा आठ बिल्ले. लहानपणी हे कंटाळवाणं वाटलं नाही, आता क्वचित वाटतं. पण त्या सांगाड्यावर लिहिणाऱ्यांनी काय चढवलं, हे पाहण्यासारखं आहे. पहिल्या खेळात सुरुवातीला तीन प्राण्यांपैकी एक उचलायचा असतो. मालिकेतला अॅश उशिरा उठतो, तिन्ही वाटून झालेले असतात आणि त्याच्या वाट्याला हट्टी पिकाचू येतो. तो चेंडूत शिरायला तयार नसतो, अॅशचं ऐकत नाही. पाखरांचा थवा दोघांवर तुटून पडतो तेव्हा अॅश स्वतः आडवा उभा राहतो आणि तिथून त्यांची मैत्री जमते. खेळात चारमँडर हा निवडीचा पर्याय असतो. मालिकेत त्याला मालकाने टाकून दिलेलं असतं आणि तो पावसात, शेपटीची ज्योत सांभाळत, मालक परत येईल म्हणून दगडावर वाट पाहत बसलेला असतो. अॅशने स्वतः पकडलेली पहिली अळी, कॅटरपी, फुलपाखरू होते आणि एकविसाव्या भागात तो तिला जोडीदाराबरोबर जाऊ देतो. खेळात सोडून देणं म्हणजे यादीतून एक नाव कमी होणं. मालिकेत तो निरोप असतो.

याचा परिणाम उलटाही झाला. १९९८ मध्ये जपानमध्ये याच खेळाची पिवळी आवृत्ती आली. तिच्यात पिकाचू चेंडूत शिरत नाही, खेळाडूच्या मागे मागे चालतो. गोष्टीने खेळालाच बदलायला लावलं.

आता हरण्याविषयी. खेळात पुरेसा वेळ दिला की तुम्ही विजेते होताच. अॅश पहिल्याच लीगमध्ये रिचीकडून हरला, कारण त्याचा सर्वांत बलवान चॅरिझार्ड ऐन सामन्यात लढायला तयार नव्हता, चक्क आडवा झाला. तेव्हा आम्हाला फसवल्यासारखं वाटलं होतं. नायक हरतो कसा? त्यानंतरही तो हरतच राहिला. २०१६ मध्ये कालोसच्या लीगमध्ये अंतिम फेरीत हरला. लीगचं पहिलं विजेतेपद त्याला २०१९ मध्ये अलोलात मिळालं, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर बावीस वर्षांनी! तोवर आम्ही स्पर्धा परीक्षा दिल्या होत्या, मुलाखतींतून परत आलो होतो, कुणी दुकान उघडलं होतं, कुणी बंद केलं होतं. मार्च २०२३ मध्ये त्याची कहाणी संपली तेव्हा तो दहाच वर्षांचा होता आणि आम्ही आईबाप झालो होतो. हरल्यावर तो घरी येतो, आईच्या हातचं जेवतो आणि पुढच्या प्रवासाला निघतो. लहानपणी यातलं जेवण आम्हाला दिसलंच नव्हतं.

आणि जेवणावरून आठवलं. मूळ जपानी भाग पाहिले तेव्हा कळलं की अॅशचं खरं नाव सातोशी, म्हणजे खेळाच्या निर्मात्याचंच. जेसी आणि जेम्स ही खलनायकांची जोडी मुळात मुसाशी आणि कोजिरो, जपानच्या इतिहासातले दोन नामांकित तलवारबहाद्दर. इंग्रजीत जाताना त्यांची नावं जेसी जेम्स या अमेरिकन दरोडेखोरावरून पडली आणि तीच हिंदीत आली. एका भागात ब्रॉकच्या हातात स्वच्छ भाताचे तिकोनी मुटके दिसतात, आणि इंग्रजीत त्यांना चक्क डोनट म्हटलं आहे! जपानी पदार्थ अमेरिकेतल्या मुलांना परका वाटू नये म्हणून.

हे पाहून आम्ही हसलो, आणि मग आमच्यातली एक जण म्हणाली, “अगं, आपण डब्यातल्या थालीपिठाला शाळेत काय म्हणायचो?” पराठा. वर्गमैत्रिणीने विचारलं की ‘पराठा है’ म्हणून मोकळं व्हायचं, कारण सुट्टी वीस मिनिटांची आणि भाजणी समजावायला तेवढा वेळ पुरायचा नाही. इंदुरात पोह्यांची ओळख कुणाला करून द्यावी लागली नाही, थालीपिठाची द्यावी लागायची.

आजचं आमचं खरं सांगणं इथे आहे. आजही आम्ही भावंडं पोकेमॉनबद्दल बोलायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर जातो. ते हिंदीतच ऐकलं, हिंदीतच खेळलो. त्या हिंदीवर आमचं प्रेम आहे, ती या शहराची भाषा आहे. पण आमच्या बालपणाचा हा तुकडा मराठीत कधी आलाच नाही. आजी शेजारी बसून विचारायची, “तो पिवळा उंदीर का रे रडतोय?” आणि उत्तराला आमच्याकडे मराठी शब्द नसायचे. आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता. तो रडतोय कारण त्याचा सोबती त्याला वाचवायला पुढे उभा राहिला. इतकं साधं वाक्य आहे ते.

आमच्या मुलांच्या हाती खेळ आधी आला, तोही फोनवर, एकेकट्याच्या. म्हणून कार्यकारिणीपुढे एक छोटी मागणी ठेवतो. महिन्यातून एका रविवारी सभागृहातला पडदा आम्हाला द्यावा. जुने दोन भाग लावू, हिंदीतच लावू. नंतर अर्धा तास प्रत्येक मुलाने शेजारच्या आजी-आजोबांना गोष्ट मराठीत सांगायची. आजी-आजोबांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे, आणि मुलं शब्दासाठी अडली तर तो शब्द द्यायचा. खाऊला थालीपीठ आम्ही आणू, त्याच नावाने.

गणपती बाप्पा मोरया!