बोगद्याच्या छतावरून मोटार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आम्हांवरच सोपविली. पण आम्ही विषय कळविताच ते क्षणभर थबकले. चाके वर आणि चालकाचे डोके खाली अशा स्थितीत मोटार बोगद्याच्या छतावरून धावू शकेल काय, हा प्रश्न संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांच्या पंक्तीला कसा बसावा, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर उमटली होती. ती रास्तच होती. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि पुढे तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात घालविली. यंत्रविद्येशी आमचा संबंध स्कूटरला किक मारण्यापलीकडे कधी गेला नाही. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण त्याचे एक जुने देणे आमच्या अंगावर आहे.

ज्येष्ठ सभासदांना स्मरत असेल की, आपल्या मुलांना मराठी लिहिता-वाचता यावे म्हणून मंडळ रविवारी सकाळी वर्ग चालवीत असे. त्यातील शेवटची पंधरा मिनिटे ‘शंकासमाधाना’ची असत आणि ते काम आमच्याकडे होते. २०११ सालची गोष्ट. बारा-एक वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. मर्सिडीझच्या एका जाहिरातीत मायकेल शूमाकर बोगद्याच्या भिंतीवर मोटार चढवून छतावरून पलीकडे उतरवितो, असे त्याने पाहिले होते. त्याने विचारले, “काका, हे खरंच होऊ शकतं का?” आम्ही हसून म्हटले, “अरे, गुरुत्वाकर्षण म्हणून काही असते की नाही?” सारा वर्ग हसला. मुलगा मात्र बसला नाही. तो म्हणाला, “पण काका, मग विमान वर कसं राहतं?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि वेळ संपल्याचे जाहीर केले.

पुढच्या रविवारी तो आला, पण त्याने काही विचारले नाही. त्यानंतरही विचारले नाही. काही महिन्यांनी त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब गाव सोडून गेले. त्या दिवशी आम्ही जे केले ते सरकारी भाषेत सांगायचे तर, प्रकरण न वाचता ‘शक्य नाही’ असा शेरा मारणे होते. आज तेच प्रकरण वाचून आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. उत्तरेतील मेळ्यांत आपण सर्वांनी ‘मौत का कुआँ’ पाहिलेला आहे. आम्ही तो ग्वाल्हेरच्या मेळ्यात पाहिला. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकली आणि मारुती गाड्या गरगर फिरतात, आणि वर कठड्यापाशी उभे राहिलेले प्रेक्षक हात लांबवून नोटा पुढे करतात. तिथे गाडी पडत नाही याचे कारण भिंत गोल आहे हे होय. सरळ जाऊ पाहणाऱ्या गाडीला भिंत सतत आत वळविते. त्यामुळे चाके भिंतीवर दाबली जातात आणि त्या दाबातून निर्माण झालेले घर्षण गाडीचे वजन तोलून धरते. विहिरीची त्रिज्या पाच मीटर धरली आणि टायरची पकड चांगली असली, तर ताशी तीस किलोमीटरच्या आसपासचा वेगही त्याला पुरतो.

उभ्या वर्तुळाचेही असेच आहे. २०१५ साली फ्रँकफर्ट येथे जॅग्वार कंपनीची एक मोटार १९.०८ मीटर उंचीच्या उभ्या कड्यातून आतल्या बाजूने फिरविण्यात आली. कड्याच्या माथ्यावर ती पूर्णपणे उलटी होती. हिशेब केला तर माथ्यावर ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेग असला तरी एवढ्या कड्यात गाडी सुटून पडत नाही. त्या मुलाने पाहिलेल्या जाहिरातीतील कल्पनाही याच जातीची होती. पाच मीटर त्रिज्येच्या गोल बोगद्यात भिंतीवरून आडवी फेरी घ्यायची, तर त्या आडव्या दिशेने ताशी २५ किलोमीटरचा वेग पुरतो. म्हणजे, जाहिरातीतील चित्र कसेही तयार केलेले असो, त्यामागील तत्त्व खोटे नव्हते, आणि आमचे हसणे तिथेच चुकले होते.

परंतु या सर्व युक्त्या वळणावर अवलंबून आहेत आणि उलटे राहणे त्यांत क्षणाचेच असते. खरा प्रश्न असा की, बोगदा सरळ आहे, छत सरळ आहे, गाडीला सरळच जायचे आहे. तर तिला वर कोण धरून ठेवणार?

इथे मुलाचा दुसरा प्रश्न उपयोगी पडतो. विमान वर राहते ते पंखांमुळे. पंखाची ठेवण अशी असते की, तो वाहत्या हवेला खाली ढकलतो. पंखावरचा दाब कमी होतो, खालचा अधिक राहतो आणि पंख वर उचलला जातो. आता हाच पंख उपडा करून मोटारीवर बसविला तर तो मोटारीला जमिनीवर दाबील. शर्यतीच्या मोटारींच्या पुढे-मागे जे आडवे फलक दिसतात ते असे उपडे पंखच होत. त्यातही मोठी करामत गाडीच्या पोटाखाली असते. तेथील हवा चिंचोळ्या वाटेने वेगाने जाते, तिचा दाब उतरतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ही विद्या फॉर्म्युला वन शर्यतींत आणली आणि १९७८ साली मारिओ आंद्रेत्ती त्याच गाड्यांवर जगज्जेते झाले.

या दाबाचा नियम असा की, वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. २०२४ सालच्या नियमांप्रमाणे फॉर्म्युला वन मोटारीचे वजन चालकासह, पण इंधनाशिवाय, किमान ७९८ किलो असावे लागे. आपण आठशे धरू. हिशेबापुरते असेही धरू की, ताशी १६० किलोमीटर वेगाला हवेचा दाब या वजनाइतका होतो. मग ८० ला तो पाव होईल आणि ३२० ला चौपट. हीच गाडी छतावर उलटी ठेवली तर १६० च्या वेगाला ती जेमतेम तरंगेल. चाके छताला टेकतील, पण दाबली जाणार नाहीत. पकड नाही म्हणजे इंजिनाचा जोर रस्त्याला लागत नाही आणि सुकाणूही ऐकत नाही. पकड हवी तर दाब वजनाहून बराच जास्त पाहिजे. ताशी २२६ च्या सुमारास तो वजनाच्या दुप्पट होतो. अर्धा वजन तोलण्यात खर्च पडतो आणि उरलेला चाकांना मिळतो. मोनाकोच्या शर्यतीचा मार्ग एका बोगद्यातून जातो आणि तिथे गाड्यांचा वेग याहूनही अधिक असतो. त्या बोगद्याच्या छतावरूनही गाडी जाऊ शकेल, ही शर्यतशौकिनांची आवडती वदंता आहे. तिचा उगम असा या हिशेबात आहे.

तेव्हा कागदावर उत्तर ‘होय’ असे येते. परंतु कागदावर मंजूर झालेली योजना प्रत्यक्षात उतरताना काय होते, हे आमच्यासारख्या सरकारी माणसाने सांगावयास नको. अडचणी एकेक करून पाहू.

पहिली अडचण वर जाण्याची. चौकोनी बोगद्यात जमिनीवरून छतावर जायला वाट नाही. बोगदा गोल हवा आणि भिंतीवरून तिरक्या वळणाने हळूहळू चढावयास हवे. ऐन भिंतीवर असताना वजन तोलायला केवळ घर्षण असते. म्हणून दाब तिथेही लागतोच.

दुसरी अडचण हवेची. दिल्ली मेट्रोच्या भुयारी स्थानकात गाडी दिसण्यापूर्वीच वाऱ्याचा झोत अंगावर येतो. बोगद्यातील वाहन हवेला असे पुढे रेटते आणि आपल्याबरोबर ओढते. पंखाला हवी असते समोरून येणारी हवा. तीच जर गाडीबरोबर पळू लागली, तर दाब घटतो.

तिसरी अडचण स्प्रिंगांची. जमिनीवर वजन आणि हवेचा दाब हे दोन्ही मिळून गाडीला खाली बसवितात. छतावर ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. गाडीचे पोट छतापासून दूर सरकते, फट वाढते आणि पोटाखालची ओढ कमी होते.

चौथी अडचण इंजिनाची. तेल आणि पेट्रोल आपापल्या टाक्यांच्या तळाशी आहेत, हे साधे इंजिन गृहीत धरते. तळच माथा झाला तर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते. ही केवळ कल्पना नव्हे. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाने एकाएकी नाक खाली घातले की, त्याच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल वरच्या बाजूस जाई. इंजिन प्रथम उपाशी राही आणि मग त्यात पेट्रोलचा पूर येई. १९४१ साली बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने पेट्रोलच्या वाटेत छिद्र असलेली एक लहानशी चकती बसवून तो पूर रोखला. या बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीत उतरत असत. मोठ्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी नाण्याएवढे असते, ते असे.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच. छतावर वेग हाच आधार आहे. जमिनीवर धोका दिसला की माणूस ब्रेक दाबतो. छतावर ब्रेक दाबणे म्हणजे आपलाच आधार काढून घेणे. वेग कमी करण्यापूर्वी खाली उतरलेच पाहिजे. अशी गाडी आम्ही तरी चालविणार नाही.

वेगाशिवाय दाब मिळेल काय, हा विचार काही मंडळींनी फार पूर्वी केला होता. १९७० साली अमेरिकेत जिम हॉल यांनी चॅपरल २जे या शर्यतीच्या गाडीच्या मागे दोन पंखे लावले. ते गाडीखालची हवा उपसून बाहेर टाकीत आणि गाडी रस्त्याला चिकटे. त्या मोसमानंतर तिच्यावर बंदी आली. १९७८ साली गॉर्डन मरे यांनी ब्रॅबम गाडीला तसाच पंखा लावला. हवेवर परिणाम करणारे हलते भाग नियमांत बसत नव्हते. तेव्हा पंखा मुख्यतः इंजिन थंड करण्यासाठी आहे असे सांगण्यात आले, आणि तो तसा थंड करीतही होता. नियमाचा अर्थ लावण्याचे हे कौशल्य पाहून आमच्या खात्यातील कित्येक जुन्या सहकाऱ्यांची आम्हांस आठवण झाली. स्वीडनमधील शर्यत निकी लाउडा यांनी त्या गाडीवर अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने जिंकली. विजय कायम राहिला, पण ती गाडी अजिंक्यपदाच्या शर्यतीत पुन्हा उतरली नाही.

आणि आता या प्रकरणातील शेवटचा कागद. इंग्लंडमधील मॅकमर्ट्री कंपनीने स्पीरलिंग नावाची विजेवर चालणारी एक लहान मोटार बनविली आहे. तिचे वजन सुमारे एक हजार किलो आणि तिच्या पंख्यांची ओढ, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे, गाडी जागेवर उभी असतानाही दोन हजार किलोंची. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीचे एक संस्थापक टॉमस येट्स यांनी ती एका फिरत्या मंचावर चढविली. मंच गाडीसह पूर्ण उलटा करण्यात आला. गाडी पडली नाही. एवढेच नव्हे, तर त्या उलट्या स्थितीत ती थोडे अंतर स्वतःच्या चाकांनी पुढे गेली आणि थांबली. विजेच्या मोटारीला पेट्रोल आणि कार्ब्युरेटरची चिंता नाही, आणि पंख्यांमुळे वेगाचीही नाही. आम्ही ज्यांना अडचणी म्हटले त्यांतील दोन मोठ्या अशा एकदम नाहीशा झाल्या.

ते प्रात्यक्षिक मंचावरचे होते, बोगद्यातले नव्हते. अंतरही थोडे होते. भिंतीवरून छतावर चढणे आणि केवळ वाऱ्याच्या दाबावर सरळ धावत राहणे, ही परीक्षा त्यात झाली नाही. पण मोटार उलटी चालू शकते काय, एवढ्या प्रश्नाचे उत्तर आता कोणालाही नाकारता येणार नाही.

ते चलच्चित्र आम्ही घरी रात्री पाहिले आणि दुसऱ्यांदा लावले. आमच्या डोळ्यांपुढे मात्र गाडीऐवजी रविवारचा वर्ग होता. गुरुत्वाकर्षणाचे नाव घेऊन आम्ही त्या मुलाला गप्प केले होते. गुरुत्वाकर्षण त्यालाही ठाऊक होते. त्याच्यापुढे दुसरे एखादे बल उभे करता येते काय, एवढेच तो विचारीत होता. प्रश्न त्याचा बरोबर होता आणि दुसरा तर उत्तराच्या दाराशीच येऊन पोहोचला होता. आम्हांस उत्तर येत नव्हते यात लाज नव्हती. ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ असे म्हणता आले नाही, ही लाज आहे.

मंडळाची पन्नास वर्षे साजरी करताना आपण नाटके, गणेशोत्सव आणि ग्रंथालय यांचा अभिमानाने उल्लेख करतो, आणि तो करावाच. पण परप्रांतात वाढणाऱ्या मुलाला आपली भाषा केव्हा आपली वाटते? तिच्यात प्रश्न विचारला असता कोणी हसत नाही, तेव्हा. रविवारचा वर्ग पुन्हा सुरू करण्याचा विचार कार्यकारिणीपुढे आहे, असे कळते. तो झाला तर शंकासमाधानाची पंधरा मिनिटे आम्ही आनंदाने घेऊ. या खेपेस घड्याळ घरी ठेवून येऊ.

हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार असून स्मरणिका गाव सोडून गेलेल्या जुन्या सभासदांनाही पाठविली जाणार आहे, असे चिटणीस म्हणाले. तो मुलगा आता सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. त्याच्या आईवडिलांच्या हाती हा अंक पडला तर त्यांनी त्याला एवढेच सांगावे, की काकांनी उत्तर द्यायला चौदा वर्षांहून अधिक काळ लावला. पण उत्तर ‘होय’ असे आहे.