रात्रपाळी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हां मीं प्रथम नकारच दिला होता. मी वक्ता नव्हें. आणि गेलीं कित्येक वर्षें माझा दिवस लोकांच्या रात्रीं सुरू होत असल्यामुळें चारचौघांत बसून बोलण्याची संवयहि फारशी उरलेली नाहीं. परंतु "अमेरिकेंत रात्रभर जागून तुम्ही करतां तरी काय, तेवढेंच सांगा," असें चिटणिसांनीं म्हटल्यावर माघार घेणें कठीण झालें. हाच प्रश्न माझ्या आईनें मला अनेक वेळां विचारलेला आहे, आणि तिला मीं कधींच धड उत्तर दिलेलें नाहीं. ती समोर पहिल्या रांगेंत बसली आहे. तेव्हां आजचें भाषण तिला उद्देशूनच आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

मी ज्या इस्पितळांत काम करितों तें माजी सैनिकांचें आहे. अमेरिकेंत अशा इस्पितळांसाठीं सरकारचें एक स्वतंत्र खातें आहे. तेथील यादवी युद्ध संपत आलें असतां अध्यक्ष लिंकन ह्यांनीं ३ मार्च १८६५ रोजीं अपंग स्वयंसैनिकांसाठीं आश्रम काढण्याच्या कायद्यावर सही केली. पुढें १९३० सालीं निरनिराळीं कार्यालयें एकत्र करून एक मोठी संस्था झाली, आणि १९८९ सालीं तिला मंत्रिमंडळांत स्थान मिळालें. आज तिच्या इस्पितळांची संख्या सुमारें १७० असून नव्वद लाखांहून अधिक माजी सैनिकांनीं तेथें नांव नोंदविलेलें आहे. आपल्याकडेहि निवृत्तिवेतन घेणाऱ्या सैनिकांसाठीं २००३ पासून आरोग्ययोजना चालू आहे, हें आपणांपैकीं कांहींना स्वानुभवानें ठाऊक असेल.

ज्यानें एकदां गणवेष घातला तो प्रत्येक मनुष्य आपोआप ह्या इस्पितळाचा हक्कदार होतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. तो सैन्यांतून कोणत्या शेऱ्यानें बाहेर पडला हें पाहिलें जातें, आणि नोकरीमुळें त्याच्या शरीराचें अथवा मनाचें किती नुकसान झालें हें शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत, दहादहाच्या पायरीनें, ठरविलें जातें. "मी सत्तर टक्के आहें," असा एखादा म्हातारा आपला परिचय करून देतो, तेव्हां नवख्या डॉक्टराला त्याचा अर्थच कळत नाहीं. मलाहि पहिल्या आठवड्यांत कळला नव्हता.

आतां रात्रीकडे वळतों. सायंकाळीं सात वाजतां दिवसपाळीचा डॉक्टर आपल्या रोग्यांची यादी माझ्या हवालीं करितो, आणि सकाळीं सातपर्यंत कॅज्युअल्टीच्या दारांत जो येईल तो माझा. अकरानंतर तर ह्या विभागांत मी एकटाच डॉक्टर असतों. येणारास परिचारिका प्रथम पाहते व एक ते पांच असा क्रमांक देते. एक म्हणजे ज्याचा प्राण ह्या क्षणीं जाऊं पाहत आहे तो; पांच म्हणजे ज्याला केवळ औषधाची चिठ्ठी हवी तो. युद्धांत झालेल्या गोळ्यांच्या जखमा मला पाहावयास मिळत असतील असें पुष्कळांना वाटतें. तसें कांहीं नाहीं. माझे बहुतेक रोगी सत्तरी ओलांडलेले, मधुमेहाचे, रक्तदाबाचे, दम्याचे, हृदयाचे.

तथापि युद्ध त्यांच्या शरीरांतून गेलेलें नसतें. व्हिएतनामांत १९६२ ते १९७१ ह्या काळांत झाडांचीं पानें गळावीं म्हणून अमेरिकन विमानांनीं जी विषारी औषधें फवारलीं, त्यांच्या खालून हे लोक विशीच्या वयांत चालत गेले. आज त्यांना मधुमेह किंवा हृदयविकार झाला, तर तो त्या फवारणीचाच परिणाम असें कायदाच गृहीत धरितो. १० ऑगस्ट २०२२ च्या कायद्यानें रक्तदाबाचाहि त्यांत समावेश केला, आणि इराक-अफगाणिस्तानांत कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर ज्यांच्या छातींत गेला त्या तरुणांचीहि सोय पाहिली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचें युद्ध मध्यरात्रीं दोन वाजतां धाप लागलेल्या म्हाताऱ्याच्या रूपानें माझ्या दारांत उभें राहतें.

ह्या लोकांची एक खोड आपणांस सांगितली पाहिजे. ते दुखणें लहान करून सांगतात. छातींत कळ आली तरी "जरा अवघडल्यासारखें वाटतें" एवढेंच म्हणतात, आणि खरी हकीकत मागें उभी असलेली बायको सांगते. म्हणून छातीचें नांव निघतांच दहा मिनिटांच्या आंत हृदयाचा आलेख काढावयाचा, हा नियम आम्ही कधीं मोडीत नाहीं. रक्तवाहिनी बंद झालेली दिसली, तर रोगी दारांत आल्यापासून नव्वद मिनिटांत ती उघडावी लागते. आणि हें करणारी मंडळी त्या वेळीं आपापल्या घरीं झोपलेलीं असतात. बर्फाच्या रस्त्यांवरून ती येईपर्यंतचीं मिनिटें फार लांब असतात.

पक्षाघाताचें गणित तर रात्रीं अधिकच निर्दय होतें. मेंदूंतील गुठळी विरघळविण्याचें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. पण ते तास मोजावयाचे कोठून? रोगी दहा वाजतां धडधाकट निजला, तीन वाजतां जागा झाला तों हात उचलत नाहीं. घड्याळ तीनपासून नव्हे, दहापासून सुरू होतें, कारण तो ठीक असल्याचें शेवटचें कोणी पाहिलें तें दहा वाजतां. हल्लीं मेंदूचीं विशेष चित्रें काढून कांहींजणांना वांचवितां येतें, तरी "शेवटचें ठीक केव्हां पाहिलें?" हा प्रश्न मीं विचारला कीं पुष्कळ बायका आपलाच अपराध झाल्यासारख्या रडूं लागतात. त्यांची समजूत घालण्यास त्या क्षणीं मला वेळ नसतो.

निजलेल्या माजी सैनिकाला कधींहि खांद्याला हात लावून उठवूं नये, हें मला पुस्तकानें शिकविलें नाहीं, एका वृद्ध परिचारिकेनें शिकविलें. पायथ्याशीं, हाताच्या टप्प्याबाहेर उभें राहून नांव घेऊन हांक मारावी. जागा होण्याच्या पहिल्या निमिषांत तो इस्पितळांत नसतो. कोठें असतो तें आपण विचारूं नये. ४ जुलैच्या रात्रीं, स्वातंत्र्यदिनाचें दारूकाम चालू असतां, आमच्याकडे कांहीं लोक केवळ आवाज ऐकूं येऊं नये म्हणून येऊन बसतात.

पहांटे चार-साडेचारच्या सुमारास शरीराची उष्णता सर्वांत कमी होते आणि बुद्धीचीहि. शरीरांतील ह्या घड्याळाच्या शोधाबद्दल २०१७ चें नोबेल पारितोषिक तिघां शास्त्रज्ञांस मिळालें. मला वाटतें, रात्रपाळीच्या कोणत्याहि शिपायानें त्यांना तेंच फुकट सांगितलें असतें. माझी चूक घडली ती नेमकी त्या वेळीं, आणि ती सांगण्याकरितांच मीं हें भाषण पत्करलें.

एका हिंवाळ्यांत साडेतीन वाजतां एकटाच राहणारा एक म्हातारा आला. तक्रार काय, तर गुडघा दुखतो. केव्हांपासून? अकरा वर्षांपासून! बाहेर कडाक्याची थंडी. आंत एकाला दारू तुटल्यामुळें झालेला भ्रम आणि त्याला दर तासाला लोराझेपाम. दुसऱ्याचा श्वास यंत्रावर. अकरा वर्षांचा गुडघा साडेतीन वाजतां दाखविणाऱ्या मनुष्याचा मला राग आला, हें मी लपवीत नाहीं. मीं उभ्याउभ्याच गुडघा दाबून पाहिला, मलम लिहून दिलें आणि घरीं जाण्याच्या कागदावर सही केली. २०१८ पासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला जीव नकोसा झाला आहे काय, हें विचारण्याची पद्धत आहे. त्यालाहि दारांतच तें विचारलें होतें आणि तो "नाहीं" म्हणाला होता. कागद पुरा होता.

थोड्या वेळानें परिचारिका माझ्याकडे आली. त्याला कोट चढविण्यास मदत करितां करितां तिनें सहज विचारलें होतें, "घरीं कुत्र्याला कोण पाहतें?" तो म्हणाला, "आज सकाळींच शेजाऱ्याला देऊन टाकला." एवढेंच सांगून ती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

मी परत गेलों. ह्या वेळीं स्टूल ओढून बसलों. कुत्र्याचें नांव विचारलें, तें त्यानें सांगितलें. मग सरळच विचारलें, "आपण जीव देण्याचा विचार करीत आहां काय?" असा प्रश्न विचारल्यानें नसलेला विचार मनांत शिरतो, ही भीति निराधार आहे. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, "मीं म्हटलें, कोणी विचारलें तर सांगावें." त्याला त्या रात्रीं मीं घरीं पाठविलें नाहीं. त्याच्या घरांतील बंदूक दुसऱ्या दिवशीं त्याच्या मेहुण्यानें आपल्याकडे नेली. तिकडील माजी सैनिकांत आत्महत्या बहुतेक बंदुकीनेंच होतात, म्हणून बंदुकीला लावण्याचीं कुलपें आम्ही फुकट वांटतों. वाईट घटका टळून जाण्यास मध्यें थोडें अंतर पुरतें. १७ जानेवारी २०२३ पासून अशा संकटांतील माजी सैनिकाला कोणत्याहि इस्पितळांत विनामूल्य उपचार मिळूं शकतात, आणि ९८८ हा क्रमांक फिरवून पुढें एक दाबला कीं रात्रीं-अपरात्रीं माणूस बोलावयास मिळतो. ह्या सर्व सोयी आहेत आणि चांगल्या आहेत. त्या रात्रीं मात्र त्या सर्वांच्या पुढें, कागदावर सही करून, मी उभा होतों.

त्याचें पुढें काय झालें हें मला ठाऊक नाहीं. आमच्या कामांत तें क्वचितच कळतें. त्याचा गुडघा खरोखरच दुखत होता, एवढें नमूद करितों.

मरण पावलेल्या सैनिकाचें शरीर आमच्याकडे राष्ट्रध्वजानें झांकून नेतात, आणि वाटेंत जो जो असेल, मग तो झाडूवाला असो कीं शस्त्रवैद्य, तो कामें टाकून भिंतीशीं उभा राहतो. रात्रीं अशी रांग फार लहान असते, कधीं कधीं चारच माणसांची. एकदां ती पाद्रीमहाशयांच्यासह पांचांची झाली. ते घरून बर्फांतून आले होते, आणि त्यांच्या बुटांचें पाणी फरशीवर गळत होतें.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याहि अहवालांत येत नाहीं. पहांटे तीन वाजतां "घरीं जाण्यास हरकत नाहीं" असें लिहिणें सोपें असतें. पण घर नसलें, अथवा असून तेथें जाणारी बस पांचाशिवाय नसली, तर? मग तो मनुष्य प्रतीक्षालयांत खुर्च्यांवर निजतो, आणि परिचारिका कपाटांतून गरम केलेली एक चादर त्याच्यावर टाकते. नियमांत हें बसतें कीं नाहीं, हें आम्ही कोणाला विचारिलेलें नाहीं.

सात वाजतां यादी दुसऱ्याच्या हातीं देऊन मी बाहेर पडतों. सूर्य थेट डोळ्यांवर येतो. मोटारींतूनच मी आईला टेलिफोन करितों; हिंवाळ्यांत येथें त्या वेळीं सायंकाळचे सात वाजत आलेले असतात, आणि पुष्कळदां तिच्या आवाजामागें आपल्या ह्याच देवळाची प्रार्थनेची घंटा ऐकूं येते. ती दोघेंहि थांबेपर्यंत मी कांहीं बोलत नाहीं. मग ती विचारते, "जेवलास का?" जेवण म्हणावें कीं न्याहारी, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं, म्हणून "आतां निजतों" एवढेंच सांगतों.