टेबलावरची आगगाडी

आगगाडीचे खेळणे मुलासाठी म्हणून घरात येते आणि वडिलांच्या हातून सुटत नाही, असे आपण थट्टेने म्हणतो. या थट्टेत तथ्य आहे. आगगाडीच्या लहान प्रतिकृती जमवणारे, त्या स्वतः घडवणारे आणि त्यांच्यासाठी रूळ, स्थानके, पूल व बोगदे यांची मांडणी करणारे लोक जगात सर्वत्र आहेत, आणि त्यांतले बहुतेक वयाने चांगले प्रौढ असतात. हे लोक एकत्र जमले म्हणजे त्यांच्या बोलण्यात तीन विषय हटकून येतात. नव्याने कोणते इंजिन वा डबा तयार झाला, त्याला दिलेला रंग खऱ्या गाडीशी जुळतो की नाही, आणि कोणाची मांडणी कशी उतरली. त्रयस्थाला हा वाद रिकामपणाचा वाटतो. परंतु एखाद्या इंजिनाचा तांबडा रंग किंचित गडद झाला म्हणून दोन शहाणी माणसे तासभर वाद घालतात, तेव्हा त्यांच्या मनात रंगापलीकडचे काहीतरी असले पाहिजे. ते काय असावे, याचा आज विचार करू.

या छंदाचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांची आगगाडी मांडली आणि तेव्हापासून वेगवेगळे भाग जोडून आपली गाडी वाढवत नेण्याची सोय झाली. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने 1920 साली गाड्या बाजारात आणल्या. आपल्या देशातील या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र एका मराठी राजघराण्यातले आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या टेबलावर रूळ बसवलेले असून त्यांवरून चांदीची गाडी फिरे. तिच्या डब्यांत मद्याच्या सुरया आणि चिरूट असत. पाहुण्याने आपल्यासमोर आलेली सुरई उचलली की गाडी थांबे, आणि ती परत जागेवर ठेवली की पुढे निघे. ही हौस महाराज माधवराव शिंदे यांची. पण याच माधवरावांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर संस्थानात 610 मिलिमीटर रुंदीच्या रुळांची खरी रेल्वेही धावू लागली आणि पुढे तिची एक शाखा श्योपूरपर्यंत सुमारे 200 किलोमीटर गेली. टेबलावरची गाडी आणि रयतेची गाडी या दोहोंमागे एकच कुतूहल होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आज चांदीची गाडी राजवाड्याच्या संग्रहालयात शाबूत आहे. श्योपूरची खरी गाडी 2020 साली थांबली, कारण त्या मार्गाचे रुंदीकरण हाती घेण्यात आले. खेळणे उरले आणि खरी वस्तू गेली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता प्रतिकृतीच्या मापाकडे वळू. कारण या छंदाचे खरे शास्त्र तेथे सुरू होते. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. खरी वस्तू 87 मीटर असेल तर प्रतिकृती एक मीटरची. या प्रमाणाचे तयार रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचे मिळतात. 16.5 ला 87 ने गुणले की 1435 मिलिमीटर येतात, आणि युरोप-अमेरिकेतील रेल्वेची रुंदी नेमकी तेवढीच आहे. आपल्या रुंद रुळांचे अंतर मात्र 1676 मिलिमीटर. त्याला 87 ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात. म्हणजे परदेशी तयार रुळांवर भारतीय इंजिन उभे केले तर वरचे धड बरोबर आणि खालचे पाय जवळ घेतलेले, अशी त्याची अवस्था होते. अंगरखा मापाचा पण चोळणा दुसऱ्याचा, असाच हा प्रकार.

यातून वाट तीन तऱ्हांनी निघते. पहिली, तयार रूळ घ्यावेत आणि पायांकडे कानाडोळा करावा. बहुतेक लोक हेच करतात. दुसरी, रूळ तेच ठेवून इंजिनाचे प्रमाण बदलावे. एकास सुमारे एकशे दोन असे प्रमाण धरले की 16.5 मिलिमीटरचे रूळ आपल्या रुंद मार्गाला बरोबर जुळतात. पण मग बाजारातील झाडे, माणसे, घरे, दिवे सारेच किंचित मोठे ठरते. तिसरी वाट सर्वांत कष्टाची. सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ आणि चाके स्वतःच्या हाताने घडवावयाची. मीटर गेजचे गणित तुलनेने सोपे आहे. एक मीटरला 87 ने भागले की साडेअकरा मिलिमीटर येतात आणि 12 मिलिमीटरचे रूळ मिळतात. 762 मिलिमीटरच्या अरुंद मार्गाला तर 9 मिलिमीटरचे रूळ जवळजवळ तंतोतंत बसतात. सत्य आणि सोय यांत कोठे तडजोड करावयाची, हा प्रश्न या लोकांपुढे असा मिलिमीटरांत मोजून उभा राहतो. आपणा इतरांपुढे तो इतक्या स्पष्टपणे क्वचितच येतो.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक. पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून निघालेले डबे कित्येक दशके विटकरी तांबडे असत. 1990 नंतरच्या दशकात हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकांच्या डब्यांना निळा रंग मिळू लागला आणि हळूहळू सारा देश निळ्या गाड्यांचा झाला. 2018च्या सुमारास त्यांतील अनेक डब्यांवर फिकट पिवळसर आणि तपकिरी रंग चढला. म्हणजे रंग पाहून गाडीचा काळ सांगता येतो, आणि जाणत्याला तिच्या ब्रेकांची जातही ओळखता येते. ‘दक्खनची राणी’ 1 जून 1930 रोजी मुंबई-पुणे मार्गावर धावू लागली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल रेषा. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. त्या वेळच्या छायाचित्रांत हे सारे काळ्या-पांढऱ्यात विरून गेले आहे. ज्याला त्या गाडीची प्रतिकृती करावयाची त्याला तो निळा म्हणजे नेमका कोणता निळा, हे शोधावेच लागते. इतिहासकार ‘निळी गाडी’ एवढे लिहून पुढे जाऊ शकतो. हातात कुंचला घेतलेल्या माणसाला ती मुभा नाही.

येथे लखनौचा उल्लेख करणे प्राप्त आहे. देशातील इंजिने, डबे आणि वाघिणी यांचे आराखडे व मानके ठरवणारी रेल्वेची संशोधन संस्था याच शहरात, मानकनगर भागात आहे. 1930 मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती मानक कार्यालय आणि 1952चे चाचणी व संशोधन केंद्र ही दोन्ही एकत्र करून 1957 साली ती उभी राहिली. कोणताही डबा लोखंडात उतरण्यापूर्वी कागदावर उतरतो, आणि प्रतिकृती करणाऱ्यालाही त्याच जातीचा कागद लागतो. मोठी गाडी आणि छोटी गाडी यांची वंशावळ अशी एका आराखड्याशी येऊन मिळते.

मांडणीच्या बाबतीत मराठी माणसाला अभिमान वाटावा असे एक स्थळ पुण्यात आहे. कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे एक सबंध नगरच वसवले असून त्यातून लहानमोठ्या रुळांच्या गाड्या धावतात. सिग्नल पडतात, डोंगर चढणारी गाडी वर जाते, रुळाला लोंबकळत जाणारी गाडीही दिसते. आणि दिवस मावळून रात्र झाली की घरोघर दिवे लागतात. एका व्यक्तीच्या छंदातून उभे राहिलेले हे काम पाहून शाळकरी मुलांच्या मनात विजेचे आणि यंत्राचे किती प्रश्न जागे झाले असतील, त्याची गणती करता येणार नाही. आता तर प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिमुकले विद्युत्-मंडल बसवून त्याला स्वतंत्र क्रमांक देतात, आणि एकाच रुळावरच्या दोन इंजिनांना वेगवेगळ्या आज्ञा देता येतात. पूर्वी हे शक्य नव्हते. रुळात वीज सोडली की त्यावरची सारी इंजिने एकदमच निघत.

मांडणी करणाऱ्याला जागेची अडचण फार. आपल्याकडे रुंद मार्गावरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या 175 मीटर ठरलेली आहे. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात ती दोन मीटर होते; म्हणजे गाडीने नुसते वळून परत यावे म्हटले तरी चार मीटर रुंदीची खोली हवी. आजची बावीस डब्यांची गाडी त्याच प्रमाणात सहा मीटरांहून लांब होईल. म्हणून वळणे आवळावी लागतात आणि गाडी आठ-दहा डब्यांवर थांबते. काय गाळावे आणि काय ठेवावे, हे ठरवण्यात मांडणी करणाऱ्याची खरी परीक्षा होते. आणखी एक गोष्ट. आपण गाडी फलाटावरून पाहतो, प्रतिकृती मात्र नेहमी वरून पाहिली जाते. लखनौचे चारबाग स्थानक आकाशातून बुद्धिबळाच्या मांडलेल्या पटासारखे दिसते, असे येथील लोक कौतुकाने सांगतात. त्याची प्रतिकृती केली तर हे घुमट आणि छत्र्या यांचेच दर्शन प्रथम घडेल.

पण चारबागेची मांडणी कोणत्या सालची करावयाची? हा प्रश्न टाळता येत नाही. समजा, कोणी 1916चा डिसेंबर निवडला. मराठी माणसाने तो निवडावा यास कारणही आहे. त्या महिन्यात लखनौला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि लोकमान्य टिळक आपल्या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातून एका खास आगगाडीने येथे आले. ‘होमरूल स्पेशल’ या नावाने ती गाडी इतिहासात नोंदली गेली आहे. आता ही गाडी घुमटांच्या भव्य स्थानकात शिरताना दाखवली तर दृश्य सुंदर दिसेल, पण ते खोटे ठरेल. या इमारतीची पायाभरणी 1914 साली झाली आणि ती पूर्ण झाली विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. प्रामाणिक मांडणीत त्या दिवशीच्या स्थानकावर चुन्याचे ढीग आणि अर्धवट भिंती असाव्या लागतील. ग्रंथात हा दोष खपून गेला असता. टेबलावर तो लगेच उघडा पडतो.

त्या फलाटावर माणसेही हवीत. पावणेदोन मीटर उंचीचा मनुष्य या प्रमाणात जेमतेम वीस मिलिमीटरचा होतो. बाजारात मिळणाऱ्या बाहुल्या कोट-टोपीतल्या असतात. आपल्याला लाल सदऱ्याचा हमाल, सुरईवाला, चहावाला, बोचक्यावर बसलेली आजी हवी. लखनौ तर मातीच्या चिमुकल्या आकृत्यांसाठी एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेले. येथील कारागीर भिश्ती, धोबी, फकीर यांच्या हुबेहूब मूर्ती घडवीत. ती नजर आणि तो हात या कामी लागला तर परदेशी बाहुल्यांना धोतर नेसवण्याची पाळी येणार नाही.

लखनौत आजही जुनी माणसे दोन शेजारशेजारच्या स्थानकांना बडी लाइन आणि छोटी लाइन म्हणतात. छोटी लाइन म्हणजे मीटर गेज. तिचे रूळ आता उरले नाहीत. ऐशबागहून सीतापूरकडे जाणारी मीटर गेजची वाहतूकही 2016 साली थांबली. रुंदीकरण आवश्यक होते, त्याने प्रवास सुकर झाला, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण त्या लहान फलाटांची उंची, त्या डब्यांच्या खिडक्या, एका गाडीतून दुसरीत बोजे वाहून नेणाऱ्या हमालांची वाट, हे सारे कोणत्याही दप्तरात एकत्र सापडणार नाही. दप्तरात आदेश असतो, तारीख असते, खर्च असतो. वस्तू दिसत कशी होती, हे लिहून ठेवण्याची रीत नाही.

ते काम कोणी न सांगता आणि स्वतःच्या खर्चाने हे छांदिष्ट लोक करीत असतात. जुन्या कर्मचाऱ्यांना गाठून ते विचारतात, मोडीत निघालेल्या डब्याच्या रंगाचा पोपडा जपून ठेवतात, फलाटाच्या कठड्याचे माप घेतात. वस्तू घडवावयाची म्हटली की ती पुरतेपणी जाणून घ्यावी लागते. अंदाजावर तिचे एकही चाक फिरत नाही. तेव्हा गडद की फिका या त्यांच्या वादाला आपण फार हसू नये. उद्या कोणा नातवाने विचारले, की आजोबा, तुमच्या वेळची छोटी लाइन कशी होती, तर शब्दांनी सांगून ते त्याला पुरते कळणार नाही. त्याला एखाद्या टेबलापाशी नेऊन उभे करावे लागेल.