काय काढता येईल?



आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: वीज गेल्यावरही माहिती धरून ठेवणारी मेमरी आणि तिचं सर्किट सोपं करण्याची कला. या क्षेत्रातली मोठी पावलं बघा. बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी काढून टाकलेलं दिसेल.

१९६७ साली बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी फ्लोटिंग गेटची कल्पना मांडली. सगळीकडून ऑक्साइडने वेढलेल्या त्या गेटवर इलेक्ट्रॉन पोहोचवले की ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम आणली. तुमच्यातल्या ज्येष्ठांनी २७१६ ही ईप्रॉम चिप हाताळली असेल. चोवीस पिना, मधोमध क्वार्ट्झची खिडकी, तिच्यावर उजेड अडवायला चिकटवलेला कागद. लिहायला पाच व्होल्टच्या जोडीला २५ व्होल्टचा वेगळा पुरवठा. पुसायचं तर चिप सॉकेटमधून उपटून अतिनील दिव्याखाली ठेवायची.

तो वेगळा पुरवठा बोर्डावरून गेला, यामागे चार्ज पंप आहे. जॉन डिक्सन यांनी १९७६ मध्ये त्याची चिपवर बसणारी सुटसुटीत रचना प्रसिद्ध केली. रहाटाची गाडगी पाणी वर चढवतात, तसा एकेक कपॅसिटर आपला विद्युतभार पुढच्याकडे सोपवतो आणि टप्प्याटप्प्याने व्होल्टेज चढतं. बोर्ड सोपा झाला, पण चिपवर पंप आला, त्याचं क्लॉक आलं, जागा गेली. आपल्या विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगायला हवं: सर्किट एका ठिकाणी सोपं होतं, तेव्हा बहुतेक वेळा भार दुसरीकडे सरकलेला असतो. तो कुठे सरकवायचा, हे ठरवणं म्हणजेच डिझाइन.

हा निर्णय सर्वांत धाडसाने घेतला तो तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी. त्या वेळच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे विजेनेच पुसता येणाऱ्या मेमरीत, प्रत्येक बिटला साधारण दोन ट्रान्झिस्टर लागत, कारण हवा तो एकच बाइट पुसण्याची सोय ठेवलेली होती. मासुओकांनी ती सोयच सोडून दिली. पुसायचं तर अख्खा गठ्ठा एकदम पुसायचा. १९८४ मध्ये त्यांनी मांडलेली हीच फ्लॅश मेमरी. १९८७ मध्ये ते नँड नावाच्या फ्लॅश रचनेपर्यंत गेले: सेल एकापाठोपाठ एक मालिकेत जोडायचे, म्हणजे प्रत्येकाला बिटलाइनशी जोडणाऱ्या स्वतंत्र काँटॅक्टची गरज उरत नाही. जागा वाचली, बिट स्वस्त झाला. त्याची किंमतही मोजावी लागली. मनात येईल तो एकच बाइट झटकन वाचता येईना. कारखान्यातून येतानाच काही ब्लॉक खराब असू शकतात, हे डेटाशीटमध्ये उघड मान्य केलेलं असतं. चुका दुरुस्त करणं, झीज सगळीकडे सारखी वाटणं, हे काम कंट्रोलरने अंगावर घेतलं. तुमच्या खिशातल्या फोनची सारी साठवण याच तडजोडीवर उभी आहे.

आता आपल्या टेबलावरची एक चिप घेऊ. २४सी०२ ही ईईप्रॉम. आठ पिना, २५६ बाइट, संवादाला फक्त दोन तारा. पत्त्याच्या तीन पिना वापरल्या की त्याच दोन तारांवर अशा आठ चिप बसतात. लेखन चालू असताना, म्हणजे फार तर काही मिलिसेकंद, ती हाकेला उत्तर देत नाही. उत्तर येईपर्यंत फर्मवेअरने पुन्हा पुन्हा विचारायचं. वेगळी ‘रेडी’ पिन नको. किती देखणं डिझाइन आहे हे! पण याच चिपचे पुलअप रेझिस्टर आणि पुरवठ्याजवळचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ‘सोपं करण्यासाठी’ काढलेले बोर्डही मी पाहतो. ते प्रयोगशाळेत चालतात आणि शेतातल्या पंपाच्या पॅनेलमध्ये गेले की दगा देतात. त्याला सोपेपणा म्हणू नका. कामात सोडलेली ती त्रुटी आहे.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. पवईच्या आयआयटी मुंबईने मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीबरोबर, तिथल्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेवर, एकदाच लिहिता येणारी मेमरी तयार केली. २०२१ मध्ये ती जाहीर झाली. तिच्यातला सिलिकाचा थर इतका पातळ आहे, की लिहिण्यासाठी व्होल्टेज वाढवून घ्यायची गरजच पडत नाही. म्हणजे तेवढी जागाही वाचली आणि वीजही. भार पुढे न ढकलता मुळातच कमी केला, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

प्राध्यापक मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा प्रकल्प तपासताना विद्यार्थ्याला ‘काय काय बसवलंस’ एवढंच विचारू नका. काय काढलंस, आणि त्याचा भार कुणावर पडला, हेही विचारा. आणि त्या उत्तराला गुण द्या.